मूत्रपिंडाची साक्ष

पुण्यांतला एकादा चोपन्न वर्षांचा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. मधुमेह जडून अकरा वर्षें झालेलीं. पण प्रकृति खणखणीत, पर्वतीच्या पायऱ्या चढण्याचा नेम, गोडधोड वर्ज्य. पायांवर सूज नाहीं, लघवीची तक्रार नाहीं. वर्षाची तपासणी म्हणून तो घराजवळच्या दवाखान्यांत लघवी तपासून घेतो. तेथें एक रंगीत पट्टी नमुन्यांत बुडविली जाते आणि चिठ्ठी मिळते : 'अल्ब्युमिन – निरंक'. त्याच आठवड्यांत लेकीच्या आग्रहाखातर एका मोठ्या प्रयोगशाळेकडे सकाळचा पहिला नमुना धाडण्यांत येतो, आणि तेथून जो कागद येतो त्यावर 86 हा आंकडा असून त्याच्यासमोर 'प्रमाणाबाहेर' असा शेरा असतो.

घरांत मग दोन पक्ष पडतात. मोठ्या प्रयोगशाळा माणसांना घाबरवून पुढच्या तपासण्या करावयास लावतात, असें एक पक्ष म्हणतो. दवाखान्यांतल्या पोराला पट्टीचा रंग वाचतां आला नाहीं, असें दुसरा म्हणतो. दोन्ही कागद खरे असूं शकतील हें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः तसेंच असण्याचा संभव अधिक. एकाच मूत्राला दोन ठिकाणीं दोन वेगळे प्रश्न विचारले गेले, आणि त्यानें दोहोंचीं प्रामाणिक उत्तरें दिलीं. त्यांतला कोणता प्रश्न या गृहस्थाच्या कामाचा, याचा निवाडा ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट लहान नव्हे. त्याचीं पुढचीं पंधरा-वीस वर्षें कशीं जावयाचीं हें कांहीं अंशीं तेथेंच ठरतें.

प्रथम साक्षीदार कोण तें पाहिलें पाहिजे. मनुष्याच्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारें 180 लिटर द्रव रक्तांतून गाळतात. त्यांतला दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर पडतो व बाकीचा रक्तांत परत घेतला जातो. रक्तजलांत अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन दर लिटरास 35 ते 50 ग्रॅम इतकें असतें. तें यकृतांत तयार होतें, आणि रक्तांतील पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवण्याचें काम मुख्यतः त्याचेंच. निरोगी गाळणी त्याला अडवून धरते. जें थोडें निसटतें त्यांतील बहुतेक पुढच्या नलिका ओढून घेतात. परिणामीं दिवसभराच्या मूत्रांत त्याचे 30 मिलिग्रॅमहि भरत नाहींत. धान्यानें भरलेल्या वखारींतून मुंगीनें एक कण न्यावा, तेवढीच ही गळती. गाळणीची वीण सैल होऊं लागली कीं ती वाढते, आणि वाढूं लागते त्या काळांत मनुष्याला कांहींएक जाणवत नाहीं. डोळ्यांखालीं व घोट्यांशीं सूज दिसेपर्यंत अल्ब्युमिन मिलिग्रॅमांनीं नव्हे, ग्रॅमांनीं वाहून जात असतें. तोंवर मूत्रपिंडाची बाजू सांगणारा असा हा एवढा एकच बोलका साक्षीदार.

त्याच्या साक्षीचें मोल प्रथम ज्यानें ओळखलें तो लंडन येथील गायज् रुग्णालयांतील वैद्य रिचर्ड ब्राइट. सुजलेल्या रुग्णाचें मूत्र तापविलें असतां तें अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणें गोठतें, हें नेपल्सच्या कोटुन्योनें अठराव्या शतकांतच पाहिलें होतें. परंतु ब्राइटनें 1827 मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तीन गोष्टी एका सूत्रांत ओंवल्या : अंगावरची सूज, उष्णतेनें गोठणारें मूत्र, आणि मरणोत्तर विच्छेदनांत दिसलेलीं विकृत मूत्रपिंडें. जॉन बोस्टॉक या रसायनज्ञानें त्याच्यासाठीं मूत्राचें पृथक्करण केलें. 1842 मध्यें रुग्णालयाच्या चालकांनीं केवळ मूत्रपिंडाच्या रोग्यांकरितां ब्राइटला दोन वॉर्ड दिले आणि त्यांना जोडून एक लहानशी प्रयोगशाळाहि दिली. त्याची रोजची परीक्षा मात्र अगदीं घरगुती होती. चमच्यांत थोडें मूत्र घ्यावें, मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावें आणि पांढरट गढूळपणा येतो कीं काय तें पाहावें. चमचा व मेणबत्ती कोणाच्या घरीं नसतात? वैद्यकशास्त्रांत इतक्या अल्प खर्चांत इतकी मोठी गोष्ट कळल्याचीं उदाहरणें थोडीं सांपडतील.

तरी त्या चमच्यांतहि दोन खड्डे होते. मूत्रांतील फॉस्फेट क्षार हेहि तापविल्यानें गढूळ होतात. त्यावर युक्ति निघाली ती सोपी : ॲसेटिक ॲसिडाचे दोनचार थेंब टाकावे, क्षार विरघळून मूत्र निवळतें, प्रथिनाचा गढूळपणा तसाच राहतो. ज्या परीक्षकाला ते थेंब टाकण्याचा कंटाळा, त्याच्या वहींत निम्मा गांव मूत्रपिंडाचा रोगी व्हावयाचा! दुसरा खड्डा अधिक खोल होता. 1845 मध्यें लंडनमधील हेन्री बेन्स जोन्स याच्याकडे एका रुग्णाचें मूत्र तपासावयास आलें. तें कोमट तापविलें कीं गढूळ होई, उकळी आणली कीं निवळे, आणि थंड होतांच पुन्हां गढूळ होई. रुग्णाचीं हाडें आंतून पोखरलीं गेलीं होतीं. मूत्रांत उतरलेलें तें प्रथिन अल्ब्युमिन नव्हतें. अस्थिमज्जेंतील एका कर्करोगांत तें उत्पन्न होतें, हें पुढें कळलें. उकळी आणून एकदांच पाहणाऱ्याला तेथें कांहींच दिसलें नसतें. मूत्रांतलें प्रत्येक प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन नव्हे, आणि प्रत्येक परीक्षा प्रत्येक प्रथिनाला पाहूं शकत नाहीं, ही गोष्ट तेव्हांपासून नोंदलेली आहे. आजचे कित्येक घोटाळे ती विसरल्यामुळेंच होतात.

'आहे कीं नाहीं' या प्रश्नावरून 'किती' या प्रश्नाकडे जाण्यास आणखी कांहीं दशकें लागलीं. फ्रान्समधील एस्बाख या वैद्यानें 1874 मध्यें एक आंखलेली कांचनळी काढली. तिच्यांत एका खुणेपर्यंत मूत्र व दुसऱ्या खुणेपर्यंत पिक्रिक ॲसिड आणि सायट्रिक ॲसिड यांचें पिवळेंधमक मिश्रण भरावयाचें, बूच लावून नळी चोवीस तास उभी ठेवावयाची, आणि तळाशीं बसलेल्या गाळाच्या उंचीवरून दर लिटरास किती ग्रॅम प्रथिन तें वाचावयाचें. आपल्याकडील रुग्णालयांतूनहि ही नळी पुष्कळ वर्षें वापरांत होती. तिचे दोष तिच्या चाहत्यांनाहि ठाऊक होते. खोलीच्या उष्णतामानाबरोबर गाळाची उंची बदले, हिवतापावर क्विनाइन घेतलेल्याच्या मूत्रांत भलताच गाळ बसे, आणि अर्ध्या ग्रॅमाच्या खालीं तिच्यावर भरंवसा ठेवतां येत नसे. हा शेवटचा दोष त्या काळीं दोष वाटला नाहीं, कारण अर्ध्या ग्रॅमाखालचें अल्ब्युमिन महत्त्वाचें असेल अशी कोणास शंकाच नव्हती.

ज्या पट्टीनें आपल्या गृहस्थास 'निरंक' म्हणून निरोप दिला, ती पट्टी 1950 नंतरच्या दशकांत प्रचारांत आली. तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. द्रवाची आम्लता रंगावरून सांगणारीं कांहीं द्रव्यें असतात. द्रवांत प्रथिन असलें कीं हीं द्रव्यें फसतात व आम्लता बदललेली नसतांहि आपला रंग बदलतात, ही तक्रार कोपनहेगनच्या सोरेन्सन यानें 1909 मध्यें नोंदविली होती. रसायनज्ञांना ती केवळ एक कटकट होती. पुढें कोणाच्या तरी लक्षांत आलें कीं हाच दोष कामास लावतां येईल. कागदाच्या तुकड्यांत असें एक द्रव्य व जोडीला आम्लता स्थिर राखणारे क्षार जिरवून ठेवले. अल्ब्युमिन भेटलें नाहीं तर कागद पिवळा राहतो, भेटलें तर हिरवा व पुढें निळसर होत जातो. मिनिटभरांत उत्तर. ना ज्योत, ना ॲसिड, ना चोवीस तासांची वाट. खेड्यांतल्या दवाखान्यालाहि परवडणारी ही सोय आहे, आणि तिला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु पट्टी काय पाहते तें समजून घेतलें पाहिजे. दर लिटरास साधारण 150 ते 300 मिलिग्रॅम अल्ब्युमिन असल्याखेरीज तिचा रंग पालटत नाहीं. शिवाय ती अल्ब्युमिनची एकूण मात्रा पाहत नाहीं. त्या थेंबांतली दाटी तेवढी पाहते. चार पेले पाणी पिऊन आलेल्या मनुष्याचें पातळ मूत्र तिला निर्दोष वाटतें, आणि उन्हांतून घामाघूम होऊन आलेल्याचें दाट मूत्र उगाच संशयास्पद दिसतें. मूत्र फार अल्कधर्मी असलें तर अल्ब्युमिन नसतांहि ती हिरवी होते. बेन्स जोन्सचें प्रथिन तर तिला बहुधा दिसतच नाहीं. म्हणजे 'निरंक' याचा अर्थ 'नाहीं' असा नव्हे. 'मला दिसण्याइतकें नाहीं' असा आहे. हें अर्धें वाक्य चिठ्ठीवर छापण्याची चाल पडली असती तर अनेक घरांतील गैरसमज टळले असते.

पट्टीला न दिसणाऱ्या त्या प्रदेशांत कांहीं दडलें आहे काय, हा प्रश्न पुन्हां गायज् रुग्णालयांतच विचारला गेला. तेथील हॅरी कीन व क्लूव्हेराकिस यांनीं 1963 मध्यें अत्यल्प अल्ब्युमिन मोजण्याची एक नवी रीति प्रसिद्ध केली. प्राण्याच्या शरीरांत मानवी अल्ब्युमिन टोंचलें असतां त्याच्या रक्तांत अल्ब्युमिनलाच ओळखणारे प्रतिपिंड तयार होतात; इतर प्रथिनांकडे ते ढुंकूनहि पाहत नाहींत. किरणोत्सर्गी खूण लावलेलें अल्ब्युमिन आणि मूत्रांतलें अल्ब्युमिन यांना या मोजक्या प्रतिपिंडांसाठीं झगडावयास लावावें. खूण असलेलें जितकें मागें हटेल, तितकें मूत्रांतलें अधिक. किरणोत्सर्गी खुणेच्या साह्यानें रक्तांतील इन्सुलिन मोजण्याची ही युक्ति अमेरिकेंत यालो व बर्सन यांनीं नुकतीच सिद्ध केली होती; यालो बाईंना तिच्याबद्दल पुढें 1977 मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या योगें पट्टीच्या डोळ्याला न दिसणारें अल्ब्युमिन आंकड्यांत उतरूं लागलें.

आंकडा मिळाला, पण त्याचा अर्थ काय? तो कळण्यास चौदा वर्षें वाट पाहावी लागली. 1966-67 मध्यें इन्सुलिनवर असलेल्या 87 मधुमेह्यांचें रात्रभराचें मूत्र या रीतीनें मोजून ठेवण्यांत आलें होतें. 1980 मध्यें त्या सर्वांचा शोध घेतला गेला. 63 जण हयात होते व त्यांची पुन्हां तपासणी झाली. ज्या 55 जणांच्या मूत्रांत पूर्वीं मिनिटाला 30 मायक्रोग्रॅमहून कमी अल्ब्युमिन उतरत होतें, त्यांपैकीं केवळ 2 जणांची पट्टी हिरवी झाली होती. ज्या 8 जणांचा आंकडा 30 ते 140 यांच्या दरम्यान होता, त्यांपैकीं 7 जणांची. विबर्टी, कीन आदि संशोधकांनीं 1982 मध्यें हें फलित प्रसिद्ध केलें. आठांपैकीं सात! आणि चौदा वर्षांपूर्वीं या सातहि जणांना पट्टीनें निर्दोष ठरविलें असतें. रुग्ण थोडे होते हें खरें. पण डेन्मार्कमधील मोगेन्सन यानें प्रौढ वयांत मधुमेह जडलेल्या रुग्णांविषयीं 1984 मध्यें तसाच निष्कर्ष काढला, आणि त्यांत हेंहि दिसून आलें कीं अशा रुग्णांना मृत्यु लवकर गांठतो.

या दडलेल्या प्रदेशाला 'मायक्रोअल्ब्युमिन्युरिया' असें नांव पडलें, आणि तें पडलें तें वाईट पडलें. त्यावरून अनेकांचा समज झाला कीं हें कांहीं निराळें, लहान आकाराचें अल्ब्युमिन असावें. अल्ब्युमिन तेंच, मात्रा तेवढी लहान. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनीं 2012 पासून तो शब्द टाकून देण्याची शिफारस केली आहे. तरी आपल्याकडील पुष्कळ अहवालांवर 'मायक्रोअल्ब्युमिन' हें नांव अद्याप छापलेलें असतें.

आजच्या प्रयोगशाळा बहुधा किरणोत्सर्गी द्रव्यें वापरीत नाहींत. प्रतिपिंड तेच, पण ते व अल्ब्युमिन एकमेकांत गुंफून जो सूक्ष्म गढूळपणा येतो तोच यंत्र मोजतें. आरपार जाणारा प्रकाश किती घटला हें पाहणारी एक रीति, बाजूला विखुरलेला प्रकाश किती हें पाहणारी दुसरी. ब्राइट चमच्यांतला गढूळपणा डोळ्यांनीं पाही. यंत्र तोच पाहतें, पण लिटराला दहावीस मिलिग्रॅम अल्ब्युमिन असतांहि पाहतें, आणि इतर प्रथिनांना त्यांत लुडबूड करूं देत नाहीं. मधुमेह्याच्या वार्षिक तपासणीस हीच रीति योग्य होय, यांत आतां मतभेद उरलेला नाहीं.

या सूक्ष्म रीतीचाहि एक विलक्षण अवगुण आहे, आणि तो जाणकारांनाहि चकवतो. प्रतिपिंडाला दोन हात असतात. दोन हातांनीं दोन अल्ब्युमिन कण धरून तो सांखळी विणतो, आणि सांखळी झाली तरच गढूळपणा येतो. आतां मूत्रांत अल्ब्युमिनचा पूर आला असेल तर प्रत्येक हाताला स्वतंत्र कण मिळतो, कण कणाशीं जोडलाच जात नाहीं, सांखळी विणली जात नाहीं, आणि द्रव स्वच्छ दिसतो. म्हणजे ज्याची गाळणी पार फाटली आहे त्याच्या कागदावर निरोग्याचा आंकडा यावयाचा! हायडेलबर्गर व केंडॉल या अमेरिकन संशोधकांनीं प्रतिपिंडांच्या अशा वर्तनाचें गणित 1935 च्या सुमारास मांडलें होतें, म्हणून सावध प्रयोगशाळेला याचें नवल वाटत नाहीं. संशय येतांच नमुना पातळ करून पुन्हां मोजतात. पातळ केल्यावर आंकडा वाढला तर पहिला खोटा. चांगलीं यंत्रें ही शहानिशा आपणहून करितात. पण गंमत अशी कीं येथें खरी राखण करते ती तीच हेटाळलेली पट्टी. पुराच्या मूत्रांत पट्टी बुडवितांच ती गडद होते. यंत्राचा आंकडा लहान आणि पट्टी गडद, असें दिसलें कीं परीक्षकानें थबकलेंच पाहिजे.

मूत्रांतील सगळ्या प्रथिनांची बेरीज मोजणाऱ्या रीती निराळ्या. त्यांत पायरोगॅलॉल रेड यासारखे रंग वापरतात, किंवा बेन्झेथोनियम क्लोराइड घालून गढूळपणा आणतात. प्रत्येक रंगाची अल्ब्युमिनशीं मैत्री वेगळी आणि इतर प्रथिनांशीं वेगळी, म्हणून दोन रंगांची बेरीज सहसा जुळत नाहीं. शिवाय निरोगी मूत्रांत सर्वांत अधिक असणारें प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकाच स्रवतात. त्याचा गाळणीच्या विकाराशीं संबंध नाहीं. आरंभींचा विकार शोधण्यास या रीती कुचकामी होत. परंतु विकार उघड झाल्यावर, ग्रॅमांचा हिशेब चालू झाल्यावर, त्या पुरेशा असून स्वस्तहि पडतात. गर्भारपणांत रक्तदाब वाढलेल्या स्त्रीच्या बाबतींत आजहि त्यांचा आधार घेतात. आणि मूत्रांत अल्ब्युमिन थोडें पण एकूण प्रथिन पुष्कळ असें आढळलें तर बेन्स जोन्सच्या त्या जुन्या रुग्णाची आठवण व्हावी. साठी उलटलेल्या माणसाची कंबर सतत दुखत असून रक्तहि कमी झालें असेल, तर अशा वेळीं नुसत्या अल्ब्युमिनच्या आंकड्यावर समाधान मानणें धोक्याचें आहे.

राहिला प्रश्न पातळ आणि दाट मूत्राचा. त्याचें जुनें उत्तर म्हणजे चोवीस तासांचें मूत्र सांठविणें. शास्त्रदृष्ट्या तें निर्दोष आहे. व्यवहारांत तें क्वचितच पुरें होतें. कचेरींत गेलेल्या गृहस्थाची दुपारची एक खेप बाटलीबाहेर जातेच, आणि तें कबूल करण्याचा संकोचहि होतो. म्हणून आतां एकाच वेळच्या नमुन्यांत अल्ब्युमिनबरोबर क्रिएटिनिनहि मोजतात. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा मळ. एका मनुष्याच्या बाबतींत तो दिवसाकाठीं बराचसा एकसारखा बाहेर पडतो. मूत्र पातळ असलें तर दोन्ही पातळ, दाट असलें तर दोन्ही दाट. भागाकार तेवढा स्थिर राहतो. तो मोजण्याची जुनी रीति याफे यानें 1886 मध्यें शोधली, आणि तिच्यांतहि पिक्रिक ॲसिडच आहे. आम्लांत प्रथिनाला खालीं बसविणारें तेंच द्रव्य अल्कांत क्रिएटिनिनला नारिंगी रंग देतें.

या भागाकारालाहि आंधळेपणानें भजूं नये. स्नायू झिजलेल्या वृद्धेचें क्रिएटिनिनच कमी, म्हणून तिचा आंकडा विनाकारण फुगतो. तालमींतल्या पहिलवानाचा उलट दबतो. साधारण व्यवहारासाठीं मात्र ठरलेल्या मर्यादा अशा : एका ग्रॅम क्रिएटिनिनमागें 30 मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन तें ठीक, 30 ते 300 तें वाढलेलें, 300 च्या वर तें फार वाढलेलें.

आतां त्या दोन कागदांचा हिशेब मांडतां येईल. समजा, गृहस्थाच्या मूत्रांत दर लिटरास 69 मिलिग्रॅम अल्ब्युमिन आणि 0.8 ग्रॅम क्रिएटिनिन होतें. भागाकार 86. पट्टीला रंग पालटण्यास निदान 150 मिलिग्रॅम लागतात. तिनें 'निरंक' म्हटलें तें योग्यच. मोठ्या प्रयोगशाळेनें 'प्रमाणाबाहेर' म्हटलें तेंहि योग्य. दवाखान्यांतल्या पोराचा दोष नाहीं, प्रयोगशाळेचा लोभ नाहीं. गृहस्थ त्या आठ जणांच्या रांगेंत उभा असण्याचा संभव मात्र आहे. 1966 मध्यें त्या रांगेंतल्यांना सांगण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें, आज आहे. कॅप्टोप्रिल या औषधानें मधुमेह्याच्या मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो हें 1993 मध्यें दाखविलें गेलें, लोसार्टन व इर्बेसार्टन यांविषयीं 2001 मध्यें, आणि कॅनाग्लिफ्लोझिन याविषयीं 2019 मध्यें. औषध कोणतें व केव्हां हें वैद्यानें ठरवावयाचें; पण ठरविण्यासाठीं वेळेवर खबर मिळाली पाहिजे, आणि ती खबर पट्टी देऊं शकत नाहीं.

तरीहि एका आंकड्यावर निदान करीत नाहींत. अल्ब्युमिन रोज कमीजास्त होतें. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशींचा जबर व्यायाम यांनीं तें तात्पुरतें वाढतें. कांहीं तरुणांच्या मूत्रांत तें दिवसा, उभें असतांना उतरतें व रात्रीं थांबतें. म्हणून सकाळचा पहिला नमुना घेण्याचा नियम. तीन ते सहा महिन्यांच्या अवधींत तीन नमुने घेऊन त्यांतले दोन वाढलेले निघाले तरच विकार आहे असें धरतात. तिन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेकडे द्यावे हें बरें, कारण यंत्रायंत्रांत अद्याप मेळ बसलेला नाहीं. 2014 मध्यें सतरा प्रचलित पद्धतींची तुलना अत्यंत काटेकोर अशा मूलभूत रीतीशीं करण्यांत आली. लिटराला 15 मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेशीं कांहीं पद्धति खऱ्या मूल्याच्या तृतीयांशानें खालीं, तर कांहीं तितक्याच वर जात असल्याचें आढळलें. एका ठिकाणचे 28 आणि दुसऱ्या ठिकाणचे 36 यांवरून रोग वाढला असें म्हणणें त्यामुळें घाईचें ठरतें. त्याच ठिकाणचे 28 वरून 86 झाले तर मात्र गोष्ट वेगळी.

नमुना त्याच दिवशीं पोंचविणें शक्य नसेल तर तो घरच्या शीतकपाटांत, पण बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवावा. तेथें आठवडाभर तो बिघडत नाहीं. बर्फाच्या कप्प्यांत गोठविल्यानें अल्ब्युमिनचा कांहीं अंश गाळ होऊन बसतो आणि आंकडा खोटा, कमी येतो. बाटलीबरोबरच्या चिठ्ठीवर चालू औषधें व नुकताच येऊन गेलेला ताप यांची नोंद असावी. आणि आपल्या गृहस्थानें नमुना देण्याच्या आदल्या दिवशीं पर्वतीच्या पायऱ्यांचा नेम मोडला तरी चालेल.